अक्कांच्या शेतातला खांब

माझ्या नोकरीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, "अक्का, खांबापासून बाजूला व्हा." शिक्षण फिजिक्सचं, काम उपग्रहांवर लेझर मारून त्यांचं अंतर मोजायचं, आणि दिवसातून कितीदा तरी खालच्या शेतातल्या एका म्हाताऱ्या बाईला फोन करून सांगायचं की बाजूला व्हा, आम्ही लेझर सोडतोय. अक्का पलीकडून म्हणायच्या, "झाली व माय, झाली बाजूले." मग त्या बांधावरच्या निंबाखाली जाऊन बसायच्या आणि आम्ही कामाला लागायचो.

आमचं केंद्र रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकाडावर होतं. होतं म्हणतेय, कारण आता तिथे एक रिकामा घुमट आहे आणि दाराला कुलूप. फार मोठं कधीच नव्हतं. एक दुर्बीण, दोन खोल्या आणि एक एसी, तोही लेझरसाठी. माणसांनी उन्हाळ्यात काय करायचं ते माणसांनी बघावं.

काम सांगायला सोपं आहे. काही उपग्रहांच्या अंगावर आरसे बसवलेले असतात. खालून लेझरचा झोत सोडायचा, तो आरशावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की अंतर निघतं. जगभर अशी केंद्रं आहेत. सगळ्यांची अंतरं एकत्र केली की जमीन कुठे किती सरकली, समुद्र किती चढला ते कळतं. पण प्रकाशाचा थोडा वेळ आपल्याच तारांत आणि यंत्रांत खर्ची पडतो, तो वजा करावा लागतो. भुसाराच्या दुकानात आधी रिकाम्या पोत्याचं वजन करून घेतात ना, तसं. त्यासाठी अंतर पक्कं ठाऊक असलेला एक खांब लागतो. त्याच्या डोक्यावर आरसा. उपग्रह उगवायच्या आधी खांबावर लेझर मारून बघायचा, मावळल्यावर पुन्हा बघायचा. खांबाचं अंतर चुकलं की आकाशातलं सगळं चुकलं.

आमचा खांब अक्कांच्या शेतात होता. टेकाडावरून थेट दिसेल अशी सपाट जागा तेवढीच होती, आणि अक्कांच्या मालकांनी, म्हणजे आबांनी, ती कोपऱ्यातली जागा दिली होती. सरकारी काम आहे म्हणून आबा खूश होते. खड्डा खणला तेव्हा खणणारे कंटाळले, पण मुरूम काही लागला नाही. तापीकाठची काळी माती, कितीही खाली जा, काळीच. शेवटी काँक्रीट ओतून खांब उभा केला. चहूबाजूंनी केळीची बाग होती. आबा गेल्यावर बाग अक्काच बघायच्या.

नाना आमचे प्रमुख. धुळ्याकडचे. मराठी बोलता बोलता चिडले की थेट अहिराणीत घुसायचे. आणि जुना लेझर त्यांना रोज चिडवायचा. सेकंदाला दहा झोत सोडायचा तो, एकेक झोत भक्कम, पण तापला की बंद. त्याच्या आतले दिवे मिळेनासे झाले होते. त्याला थंड ठेवणारं पाण्याचं यंत्र एप्रिल लागला की गळायला लागायचं. मेमध्ये आम्ही नुसते बसून असायचो. वर एकामागून एक उपग्रह जातायत आणि खाली आम्ही पंख्याखाली घाम पुसतोय. माझं डोकं फिरायचं.

नवा लेझर मागणारी मीच. सेकंदाला हजार झोत सोडणारा. एकेक झोत इतका मिणमिणता की परत आला तर प्रकाशाचा एखादा कण येतो. अक्कांनी एकदा विचारलं होतं की यानं काय फरक पडणार. मी म्हटलं, "अक्का, पाखरं हाकायला तुम्ही गोफणीनं एकेक दगड मारता. मूठभर ज्वारी फेकली तर एखादा दाणा तर लागेलच ना?" अक्का म्हणाल्या, "ज्वारी फेकली त पाखरं अजून येतीन व." मी हसले. उत्तर बरोबर होतं, पण आमच्या बाजूनं नव्हतं.

या लेझरसाठी मी वरच्या ऑफिसशी किती भांडले. तिथले लोक उंटावरून शेळ्या हाकणारे. जळगावचा उन्हाळा त्यांनी कधी पाहिलेला नाही, आणि मला म्हणायचे, अहवाल पाठवा. पाठवले. नाना म्हणायचे, "ताई, तुम्ही लिहा, मी सही करस." शेवटी लेझर आला. दोन खोक्यांत मावला. नानांनी त्याला हार घातला, मी नारळ फोडला. त्याच आठवड्यात जुना लेझर उचलून नेला गेला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण परत जायचा रस्ता तिथेच बंद झाला.

लेझर बदलला की जगभरची मापं एकत्र करणारे लोक केंद्राला काही काळ बाहेर बसवतात. हा शब्द माझा. त्यांचा शब्द वेगळा आहे, पण अर्थ तोच. तुमची मोजमापं घेतात, पण चुलीजवळ येऊ देत नाहीत. इतर केंद्रांच्या मापांशी ती जुळली की मग आत. आम्ही म्हटलं, ठीक आहे, चार दिवसांचा प्रश्न.

नवा लेझर इतका सुंदर चालला की मला रडू यायचं बाकी होतं. जुना टकटक करायचा, हा बारीक आवाजात गुणगुणायचा. पडद्यावर धूळ उडाल्यासारखे ठिपके आणि त्यातून हळूहळू उमटणारी एक सरळ रेघ. भर दुपारी, निळ्या आकाशात, डोळ्यांना काही दिसत नसताना रेघ उमटायची. नाना खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "बठ्ठं ठीक शे." इतके दिवस त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं.

आणि बठ्ठं, म्हणजे सगळं, ठीक नव्हतं. खांबाचं अंतर दर महिन्याला थोडं वेगळं येत होतं. थोडं म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा कमी. जुन्या लेझरला हे दिसलंच नसतं, त्याची स्वतःचीच थरथर त्याहून मोठी होती. नव्याला दिसत होतं. पावसाळ्यानंतर एक, दिवाळीनंतर दुसरं, होळीला तिसरं. आधी आम्ही यंत्राला दोष दिला. सगळ्या तारा बदलल्या. मग एका सकाळी मी खिडकीतून खाली बघत होते आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं की खाली केळी नाही.

केळी जाऊन बराच काळ झाला होता. विहीर खोल खोल गेली, बोअर आटलं, आणि अक्कांनी बाग मोडून कपाशी लावली. मी सावद्याची, केळीत वाढलेली. बारमाही ठिबक असलं की काळी माती कायम ओली आणि शांत असते, हे मला कुणी सांगायला नको. ठिबक गेलं की ती पावसात फुगते, उन्हात आवळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्याकडे घरांच्या भिंती अशाच तडकतात. इतकी वर्षं आमचा खांब सरळ उभा होता तो आबांच्या केळीच्या जिवावर. आम्हाला वाटलं सिमेंटच्या.

देश किती सरकतो ते आम्ही मोजत होतो, आणि मोजायचा खांबच सरकत होता. याच्यावर हसावं की कपाळ बडवावं? वरच्या ऑफिसला कळवलं तर तिकडून उत्तर आलं की या उन्हाळ्यात शेवटची चाचणी, मापं जुळली नाहीत तर लेझर दक्षिणेतल्या दुसऱ्या केंद्राला जाईल. केंद्र बंद, असं कुणी लिहिलं नव्हतं. लेझरशिवाय केंद्र म्हणजे काय, ते लिहायची गरजच नव्हती.

खांब कातळावर हलवायचा अर्ज मी कधीच केला होता. पण कातळाची जागा आमची नव्हती आणि परवानगीचा कागद कुठल्या तरी टेबलावर पडून होता. त्या वेळी मी शेतात जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. आमचं सगळं त्यांच्या मातीवर अवलंबून होतं, त्यांना अंधारात ठेवून कसं चालेल? म्हटलं, "अक्का, केळी गेली, माती सुकली, आणि खांब हलायला लागला. आता आमचं काही खरं नाही." त्या ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही चालले जासान का?" मी म्हटलं, बघू. त्यांनी पुन्हा विचारलं, "तुहा फोन बी नाही येनार मंग?" त्यांचा मुलगा पुण्याला. त्याचा फोन दिवाळीला यायचा. माझा दिवसातून कितीदा यायचा ते मी कधी मोजलंच नव्हतं.

मग नानांना युक्ती सुचली. एरवी मी त्यांना फार काही मानत नसे, पण ही युक्ती अस्सल होती. चैत्रात माती पूर्ण सुकलेली असते. भेगा जेवढ्या पडायच्या तेवढ्या पडून झालेल्या असतात. त्यापुढे पाऊस पडेपर्यंत ती ना फुगते ना आवळते. नाना टेबलावर बोट आपटून म्हणाले, "सुकेल जमीन हालत नही." म्हणजे चैत्रात खांबाचं अंतर नव्यानं पक्कं मोजून घ्यायचं आणि लगेच चाचणी द्यायची. पावसाआधी सगळं संपवायचं. एकदा आत घेतलं की कातळाचं बघता येईल. पुस्तकात असलं काही लिहिलेलं नसतं. मी उठून नानांसाठी चहा केला.

मोजणीवाले आले, खांबाचं अंतर नव्यानं मोजून गेले. चाचणी सुरू झाली. मी आणि नाना आळीपाळीनं बसायचो. पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला, जसा उपग्रह येईल तसं. "अक्का, बाजूला व्हा." "झाली व माय." खांबाचं अंतर काल होतं तेच आज. रेघा सरळ. वरच्या ऑफिसातून एकानं कळवलं की मापं चांगली दिसतायत. नाना त्या दिवशी रावेरहून शेवभाजी घेऊन आले आणि आम्ही दोघं लेझरच्या एसीत बसून जेवलो, जे करायची सक्त मनाई होती. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. म्हणाले, "ताई, मी जाताना केंद्र चालू शे, बस. मले दुसरं काही नको." मला त्यांच्याविषयी पहिल्यांदाच माया वाटली.

आणि मग अंतर वाढायला लागलं. आज जरासं. उद्या आणखी जरासं. नानांना वाटलं उन्हानं वेळ मोजायचं घड्याळ बिघडतंय. मला वाटलं एसी गेला. आम्ही घड्याळ तपासलं, तारा तपासल्या, आरशासमोरची काच पुसली. दुर्बिणीतून खांब बघितला तर आरसा नीट दिसत होता. पाया दिसत नव्हता, मध्ये बांध होता. उतरून बघावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. माती सुकलीय, म्हणजे खांब हलणार नाही, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. आमच्याच युक्तीवर आम्ही इतके खूश होतो. तोवर चुकीची मापं रोज वर जात होती, आणि थांबवायचं म्हटलं तर चाचणी तिथेच मोडली असती.

शेवटी मी वैतागून एका सकाळी खाली उतरले. अक्का मुक्ताईनगरला दर्शनाला गेल्या होत्या, फोनवर तसं म्हणाल्या होत्या. शेत उघडं पडलं होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांची खुंटं आणि भेगा. भेगांत पाय अडकू नये म्हणून खाली बघत चालत होते. खांबापाशी पोचले आणि भेगा संपल्या.

खांबाभोवती माती काळीभोर, ओली. हरळी उगवलेली. केळीच्या बुंध्याला घालतात तसं गोल आळं केलेलं, कडेला हातानं थापलेलं. आणि विहिरीकडून आलेली जुनी ठिबकची नळी, आबांच्या वेळची, तुटली तिथे चिंधी बांधलेली. थेंब थेंब पाणी पडत होतं. एका बाजूला जास्त, कारण नळी त्या बाजूनं आली होती. त्या बाजूची माती फुगली होती आणि खांबाला ढकलत होती.

आधी राग आला. इतका, की ती नळी उपटून विहिरीत टाकावीशी वाटली. काय गरज होती म्हातारीला? कुणी सांगितलं होतं? मग आठवलं की मीच सांगितलं होतं, माती सुकली म्हणून खांब हलतो. सुकीच राहू दे, आता आम्हाला सुकीच हवी, हे सांगायला मी पुन्हा गेले नव्हते. आणि नाही सांगितलं तर केळीच्या मुलखातलं माणूस दुसरं काय करणार? सुकलं, तर पाणी घालणार. मीही हेच केलं असतं. विहिरीत डोकावले. तळाला हंड्याभराचं पाणी. कपाशीला नाही, गुराला नाही, त्यांनी ते खांबाला सोडलं होतं. मी नळी बंद केली. त्यानं आता काही होणार नव्हतं. ओली झालेली माती सुकताना पुन्हा हलणारच.

वर येऊन नानांना सांगितलं. चिडतील म्हणून मी वाट बघत होते, चिडले नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तिले काही सांगू नको."

आम्ही वरच्या ऑफिसला खरं ते कळवलं. पाण्याचं, मातीचं, युक्तीचंसुद्धा. पुन्हा मोजणी करून चाचणी घ्या म्हणून विनवलं. उत्तर आलं की ज्या केंद्राला आपल्या खांबाची खात्री देता येत नाही, त्याच्या मापांची खात्री कुणी द्यायची? हे वाचून मी कितीतरी वेळ शिव्या दिल्या. पण वाक्यात खोट काढता येईना. आणि तोवर ढग आले होते. पाऊस पडला की सगळं रानच फुगणार.

नानांच्या निवृत्तीला टेकाडावर आम्ही दोघंच होतो. निरोपाला कुणी वरून आलं नाही. त्यांनी जाताना घुमटाच्या दाराला हात लावला आणि गाडीत बसले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लेझर नेला. आला तसाच दोन खोक्यांत. तो दक्षिणेत चांगला चालतोय असं ऐकते. तिथे खाली कातळ आहे. माझी बदली दुसऱ्या ऑफिसात झाली, तिथे मी लोकांचे अहवाल वाचते. अहवाल पाठवा, असं लिहिणाऱ्यांत आता मी आहे. नव्या लेझरसाठी भांडले नसते तर जुना आणखी एखाद-दोन वर्षं रडतखडत चालला असता, आणि खांब हलतोय हे कुणालाच कळलं नसतं. आम्ही चुकीचं मोजत सुखात राहिलो असतो. असा विचार करणं बरोबर नाही हे मला कळतं. तरी येतो.

सामान आवरून झाल्यावर मी अक्कांकडे गेले. कापसाचं बी नुकतंच टोबून झालं होतं. निंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. मला बघून पदर सावरला आणि शेतातल्या घरात जाऊन तांब्याभर पाणी आणून दिलं.

"लय दिवस झाले, फोन नाही केला व," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काम होतं.

त्यांनी खांबाकडे बघितलं. मग जवळ सरकून, कुणी ऐकेल असं आजूबाजूला कुणी नव्हतं तरी, हळू आवाजात म्हणाल्या, "तुले सांगतलं नाही मी. उन्हाळ्यात खांबाले पानी सोडलं मी. आळं केलं चांगलं. नाना रागावतीन म्हून बोलली नाही." आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कामी आलं ना?"

तांब्या माझ्या हातात होता. पाणी गढूळ होतं, विहिरीच्या तळाचं. मी ते पिऊन टाकलं.

"आलं, अक्का," मी म्हटलं.

त्या हसल्या. दात नव्हते, पण हसू पूर्ण होतं. म्हणाल्या, "मंग येत्या उन्हाळ्यात बी सोडीन. विहिरीत असलं त खांबालेच दीन आधी. तू फकस्त फोन करत जाय."

मी करते. आठवड्यातून एकदा, ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत. म्हणते, "अक्का, खांबापासून बाजूला व्हा." अक्का उठतात, निंबाखाली जातात, आणि मला सांगतात की झाल्या बाजूला. मग मी जरा थांबते, जेवढा वेळ लागायचा तेवढा, आणि म्हणते, झालं अक्का, आता या.